कुलूप त्यांचं, ओझं आपलं

माझी आत्या सांगलीला असते. पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाली. पेन्शन, वीजबिल, गॅसचं बुकिंग, नातवाच्या क्लासची फी हे सगळं ती स्वतः बघते आणि त्यासाठी तिच्याकडे एक दोनशे पानी वही आहे. पुढून दुधाचा हिशेब, मागून पासवर्ड. मागच्या दिवाळीत मी गेलो तेव्हा बँकेच्या नेटबँकिंगनं तिला दाराबाहेर ठेवलं होतं. नव्वद दिवस झाले म्हणून नवा पासवर्ड मागितला होता. त्यात एक कॅपिटल अक्षर हवं, एक स्मॉल हवं, एक आकडा हवा, एक चिन्ह हवं आणि आधीच्या पाच पासवर्डांपैकी कुठलाही नको. नवा पासवर्ड तिनं ठेवला, पण दुसऱ्या दिवशी टाकताना तो तीनदा चुकला आणि खातं चोवीस तासांसाठी बंद झालं. वहीत पेन्सिलीनं नोंद होती, "एस पहिल्या लिपीतला." इंग्रजीची मोठी अक्षरं म्हणजे पहिली लिपी, लहान म्हणजे दुसरी, असं ती शिकली आणि तसंच तिनं शिकवलं. आम्ही शाखेत फोन केला. तिकडून उत्तर आलं, "आजी, तुम्ही नीट टाकत नसाल."

ते वाक्य ऐकून आत्याचा चेहरा उतरला, आणि तेव्हापासून ते माझ्या मनातून गेलेलं नाही. कारण ती एकटी नाही. पासवर्ड विसरणारे, इशारा न वाचता 'ओके' दाबणारे, अपडेट पुढे ढकलणारे, फोनवर ओटीपी सांगून बसलेले, सगळ्यांना हेच ऐकवलं जातं: चूक तुमची. ती खरंच त्यांची आहे का, हे या लेखात तपासायचं आहे. गेल्या साठ वर्षांतलं संशोधन, मोठे अपघात आणि आपल्याकडचे नियम शेजारी शेजारी ठेवून पाहिले तर माझं उत्तर स्पष्टपणे 'नाही' असं येतं. व्यवस्था बांधणाऱ्यांनी सुरक्षेचं काम अर्ध्यावर सोडलं आणि उरलेलं अर्धं वापरणाऱ्याच्या डोक्यावर ठेवलं.

पासवर्डची साठ वर्षं

संगणकावरचा पासवर्ड रुळला तो अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला. फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस नावाची प्रणाली उभी केली होती. संगणक एकच, त्यावर काम करणारे अनेक, आणि प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहायला हव्यात, म्हणून प्रत्येकाला एक गुप्त शब्द मिळाला. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला वाट्याला आलेला संगणकाचा वेळ पुरेना, तेव्हा त्यानं पासवर्डांची सगळी फाइलच छापून घेतली आणि इतरांच्या नावावर काम केलं. पुढे काही वर्षांनी एका बिघाडामुळे तीच फाइल लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाच्या पडद्यावर आपोआप उमटली. या दोन्ही वेळी पासवर्ड फुटले ते सांभाळणाऱ्याच्या कपाटातून. वापरणाऱ्यांपैकी कुणाची काही चूक नव्हती.

१९७९ मध्ये बेल लॅब्जमधल्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी प्रत्यक्ष वापरातले ३,२८९ पासवर्ड तपासले. त्यांतले ८६ टक्के एकतर फार आखूड होते किंवा शब्दकोशात सहज सापडणारे होते. निष्कर्ष खरा होता आणि महत्त्वाचाही. पण जगानं त्यातून एकच धडा घेतला: लोक सोपे शब्द निवडतात, तर त्यांच्यावर नियम घाला. या नियमांना अधिकृत रूप आलं २००३ मध्ये. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतले, म्हणजे निस्टमधले, बिल बर यांनी एका मार्गदर्शिकेचं परिशिष्ट लिहिलं. अक्षरं, आकडे, चिन्हं मिसळा आणि पासवर्ड ठरावीक काळानं बदला, हा सल्ला त्यातून जगभर पोचला. बँका, विद्यापीठं, सरकारी खाती यांनी तो जसाच्या तसा उचलला. खऱ्या पासवर्डांची पुरेशी माहिती बर यांच्या हाताशी नव्हती. २०१७ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलला दिलेल्या मुलाखतीत, आपण केलं त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो, असं त्यांनी मोकळेपणानं सांगितलं.

पश्चात्ताप होण्याजोगा पुरावा तोवर पुढे आलेला होता. चॅपल हिल इथल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये ७,७०० हून अधिक बंद झालेल्या खात्यांचे जुने-नवे पासवर्ड पडताळून पाहिले. जुना पासवर्ड माहीत असेल तर त्यावरून ४१ टक्के खात्यांचा नवा पासवर्ड संगणकाला काही सेकंदांत काढता आला. कारण उघड आहे. दर तीन महिन्यांनी नवं काही सुचवायला सांगितलं की माणूस शेवटच्या १ चा २ करतो, २ चा ३ करतो. म्हणजे बदलाच्या नियमानं हल्लेखोराची फारशी अडचण झाली नाही, फक्त वापरणाऱ्याचा ताप वाढला.

२०१७ मध्ये निस्टनं आपला सल्ला फिरवला: चिन्हांची सक्ती नको, मुदतीनं बदल नको, पासवर्ड लांब असू द्या, आणि चोरीला गेल्याची खूण दिसली तरच बदलायला लावा. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनंही विंडोजसाठीच्या आपल्या शिफारशींतून मुदतीचा नियम काढून टाकला. २०२५ च्या सुधारित आवृत्तीत निस्टनं याला सल्ल्यावरून मनाईवर नेलं: अशा सक्ती करायच्या नाहीत. इतकं होऊनही आत्याच्या बँकेत नव्वद दिवसांचं घड्याळ चालूच आहे, आणि कित्येक कार्यालयांतही. जिथून नियम आला तिथं तो रद्द झाला आणि आपल्याकडे तसाच राहिला.

मराठी माणसाला या नियमांचा आणखी एक काच आहे. देवनागरीत मोठं अक्षर आणि लहान अक्षर हा भेदच नाही. ज्या लिपीत आपण विचार करतो तिच्यात जी गोष्ट नाही, तिच्यावर आपल्या पैशांचं दार उघडतं किंवा बंद होतं. आत्याला जन्मभर आठवेल असा मराठी शब्द बहुतेक ठिकाणी चालत नाही. चालला तरी भरवसा नाही, कारण 'ऱ्या' हे अक्षर वेगवेगळ्या कीबोर्डांवर वेगवेगळ्या रीतीनं उमटतं. डोळ्यांना एकच दिसतं, संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात.

गुप्त प्रश्नांचंही तसंच. 'आईचं माहेरचं आडनाव' हे पश्चिमेकडच्या बँकांनी गुपित मानलं. आपल्याकडे ते लग्नपत्रिकेत छापतात आणि मामाच्या घराच्या पाटीवर रंगवतात. तिकडेही ही युक्ती टिकली नाही. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेत उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचं याहू खातं असल्याच प्रश्नांची उत्तरं जाहीर माहितीतून शोधून उघडलं गेलं.

२०१४ मध्ये, नव्वदीकडे झुकलेले असताना, खुद्द कोर्बातोंनी पासवर्डचा हा सगळा पसारा दुःस्वप्नासारखा झाल्याचं म्हटलं होतं. आपले पासवर्ड ते कागदावर लिहून ठेवत. आत्याला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा तिनं वही पुन्हा टेबलावर काढून ठेवली.

शत्रू वापरणारा नव्हे

हे सगळं कुणाला माहीतच नव्हतं असं म्हणता येत नाही. जेरोम साल्टझर आणि मायकल श्रोडर यांनी १९७५ मध्येच संगणकीय संरक्षणाची आठ तत्त्वं मांडली. त्यांतलं शेवटचं असं की संरक्षणाची सोय माणसाच्या मनाला पटणारी, पेलणारी हवी. ती बरोबर वापरणं हीच सहज सवय व्हायला हवी. पहिली सात तत्त्वं अभियंत्यांनी पाठ केली, आठवं बहुतेक कागदावर राहिलं.

१९९९ मध्ये एकाच वर्षी दोन शोधनिबंध आले आणि या विषयाची दिशा बदलली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या ॲन ॲडम्स आणि अँजेला सॅसे यांनी नोकरदारांशी बोलून दाखवून दिलं की लोक बेफिकीर नसतात. त्यांच्या कामाशी न जुळणारे नियम समोर आले की काम पुरं करण्यासाठी ते वाट काढतात. निबंधाच्या नावातच त्यांनी सांगून टाकलं की वापरणारे हे शत्रू नव्हेत. दुसरा निबंध अल्मा व्हिटन आणि डग टायगर यांचा. ईमेल गुप्त करणारा पीजीपी हा कार्यक्रम त्यांनी बारा जणांच्या हाती दिला आणि नव्वद मिनिटं दिली. बहुतेकांना संदेश नीट गुप्त करून पाठवता आला नाही, आणि तिघांनी तर जे लपवायचं तेच चुकून उघड पाठवलं. त्या कार्यक्रमाचं गणित भक्कम होतं. तो माणसाच्या हाती पडला तेव्हा मात्र त्या गणिताचा त्याला काही उपयोग झाला नाही.

दहा वर्षांनी, २००९ मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातल्या कॉर्मॅक हर्ली यांनी खर्चाचा प्रश्न काढला. सुरक्षेचा प्रत्येक सल्ला वापरणाऱ्याचा वेळ खातो, आणि सल्ला देणाऱ्याच्या वहीत तो खर्च कुठेच लिहिला जात नाही. आपल्याकडचा आकडा घेऊन बघा. एक कोटी ग्राहकांच्या बँकेनं प्रत्येकाचं रोज एक मिनिट घेतलं तर दिवसाला दीड लाखाहून जास्त तास जातात. सल्ला फुकट देता येतो, म्हणून तो ढिगानं दिला जातो. लोक त्यातला बराचसा टाळतात, आणि हर्ली म्हणतात की त्यांचं हे टाळणं व्यवहाराला धरूनच आहे.

'ओके' दाबायची सवय कुणी लावली

विंडोज एक्सपीच्या काळात घरोघरी माणूस संगणकावर सर्वाधिकारी म्हणूनच वावरत असे, त्यामुळे आत शिरलेला कुठलाही कार्यक्रम सगळं काही करू शके. त्यावर तोड म्हणून २००७ मध्ये आलेल्या विंडोज व्हिस्टानं प्रत्येक नाजूक कामाआधी परवानगी विचारायला सुरुवात केली. पडदा काळवंडायचा, चौकट यायची, 'पुढे जाऊ का?' विचारायची, आणि हे दिवसातून कितीतरी वेळा. पुढच्याच वर्षी एका सुरक्षा परिषदेत मायक्रोसॉफ्टच्या डेव्हिड क्रॉस यांनी जाहीरपणे सांगितलं की ही सोय वापरणाऱ्यांना त्रास व्हावा म्हणूनच घातली होती. लोक वैतागतील आणि मग सॉफ्टवेअर कंपन्या आपले कार्यक्रम सुधारतील असा हिशेब होता. कंपन्या काही प्रमाणात सुधारल्याही. पण दोन कंपन्यांच्या मधली ही बोलणी कोट्यवधी लोकांच्या डोळ्यांसमोर चौकटी नाचवून झाली, आणि तेवढ्या काळात एक पिढी चौकट न वाचता 'ओके' दाबायला शिकली. आता तीच पिढी सुरक्षेच्या प्रशिक्षणात ऐकते की तुम्ही वाचत नाही.

ब्राउझरमधल्या कुलपाचीही तीच कहाणी आहे. 'कुलूप दिसलं तर साइट सुरक्षित' हे आपल्याला वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. त्या चिन्हाचा अर्थ एवढाच की वाटेत कुणी मजकूर वाचू शकत नाही. समोर बसलेला साव आहे की चोर, हे ते सांगत नाही. चोरांच्या साइटलाही कुलूप मिळतं. गूगलच्या २०२१ च्या पाहणीत फक्त ११ टक्के लोकांना या चिन्हाचा नेमका अर्थ सांगता आला. शेवटी सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमनं ते कुलूप काढून टाकलं. पण त्या चिन्हावर विसंबायला शिकवणाऱ्यांपैकी कुणी घरोघरी येऊन, तो धडा विसरा, असं सांगितलं नाही.

वेबसाइट उघडताच येणाऱ्या कुकीजच्या संमतीच्या पट्ट्या हा न वाचता दाबायच्या चौकटींच्या याच पावसाचा नवा शिडकावा. युरोपचा जीडीपीआर कायदा २५ मे २०१८ ला अमलात आला तो माणसाला स्वतःच्या माहितीवर हक्क मिळावा म्हणून. कंपन्यांनी 'सगळं मान्य'चं बटण मोठं केलं आणि नकाराची वाट तीन पानं आत नेली. आपल्याकडे डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. त्या कायद्यात एक कलम आपल्या फार कामाचं आहे: संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. मराठी त्या अनुसूचीत आहे. हा हक्क कागदावर राहू द्यायचा नसेल तर तो आपणच मागून घ्यायला हवा.

अपडेट: औषधही, अपायही

सगळ्यांत जास्त शिव्या खाणारी गोष्ट म्हणजे अपडेट. एका तालुक्याच्या गावी दाखले काढून देणाऱ्या केंद्रात मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. प्रवेशाचे दिवस, जातीच्या दाखल्यासाठी दारापर्यंत रांग, त्यात शेतातून तसेच आलेले बाप, आणि पडद्यावर गोल गोल फिरणारे ठिपके: 'अपडेट चालू आहे, संगणक बंद करू नका.' पाऊण तास कुणालाच काही करता येईना. त्या केंद्राच्या मुलानं त्या संध्याकाळी अपडेट कायमचं बंद करून टाकलं. त्याला दोष द्यायचं धाडस मला झालं नाही. पण त्यानं केलं ते धोक्याचं होतं हेही तितकंच खरं.

धोका किती, ते १२ मे २०१७ ला जगानं पाहिलं. वॉनाक्राय या खंडणीखोर कार्यक्रमानं दीडशेच्या आसपास देशांतले दोन लाखांवर संगणक कुलूपबंद केले. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत रुग्णांच्या हजारो भेटी रद्द झाल्या. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं दोन महिने आधी, १४ मार्चला, दिलेलं होतं. ते लावलं असतं तर बहुतेक संगणक वाचले असते. मात्र याच गोष्टीचा दुसरा भाग सांगायचा राहून जातो. ते भोक अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला आधीच माहीत होतं, तिनं ते स्वतःच्या वापरासाठी जपून ठेवलं होतं, आणि तिचं हत्यार चोरीला जाऊन उघड्यावर आलं.

दीडच महिन्यात, २७ जून २०१७ ला, नॉटपेट्या आला. त्याची वाट तर अपडेटचीच होती. युक्रेनमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये हल्लेखोरांनी विष कालवलं. ज्यांनी शिस्तीनं अपडेट घेतलं त्यांनाच ते आधी बाधलं. तिथून ते मर्स्क या जहाज कंपनीत पसरलं आणि थेट न्हावाशेव्यापर्यंत पोचलं. जेएनपीटी बंदरातल्या मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं संगणकीय कामकाज बंद पडलं. मर्स्कला पुढच्या दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्यानं उभे करावे लागले.

१९ जुलै २०२४ चा शुक्रवार तर अगदी ताजा आहे. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्याच एका सदोष अपडेटनं सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले. चूक छोटी होती: कार्यक्रमाला २० रकान्यांची माहिती मिळत होती आणि नवं अपडेट २१ वा रकाना वाचायला गेलं. पण तो कार्यक्रम ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी गाभ्यात बसलेला असल्यानं संगणक उभाच राहीना, आणि कित्येक ठिकाणी प्रत्येक यंत्रापाशी माणूस जाऊन दुरुस्ती करावी लागली. भारतातल्या विमानतळांवर त्या दिवशी बोर्डिंग पास हातानं लिहून दिले गेले.

या तिन्ही घटनांवरून अपडेट नको असा अर्थ कुणी काढू नये. अपडेट हवंच. मात्र सुरक्षेची दुरुस्ती आणि नव्या गोष्टींचा मारा वेगवेगळा हवा. दुरुस्ती लहान असावी, कामाच्या वेळेत माणसाला अडवणारी नसावी, आधी थोड्या यंत्रांवर तपासून मग सगळीकडे जावी. बटणांच्या जागा, रंग, जाहिराती आणि नवी दुकानं दुरुस्तीच्या पोत्यात घालून पाठवली की लोक पोतंच नाकारतात.

चालतं यंत्र म्हातारं ठरतं

ऑपरेटिंग सिस्टिमचं वय हा दुसरा जाच. विंडोज एक्सपीची साथ ८ एप्रिल २०१४ ला थांबली, विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर लागतो. चिपमागचा विचार चुकीचा नाही. किल्ल्या वेगळ्या पेटीत ठेवणं चांगलंच. पण त्या अटीमुळे धडधाकट चालणारे कोट्यवधी संगणक एका तारखेला कालबाह्य ठरले. शाळेच्या प्रयोगशाळेत, पतसंस्थेत, छापखान्यात असे संगणक आजही रोज काम करताहेत, आणि त्यांच्या मालकांपुढे मुख्यतः दोन वाटा आहेत: नवा घ्या किंवा धोका पत्करा.

तिसरी वाट लिनक्सची. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेली ही प्रणाली जुन्या यंत्रांनाही पुन्हा कामाला लावू शकते. केरळनं सरकारी शाळांत मुक्त सॉफ्टवेअर वापरून ते मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं आहे. मात्र तिथं शिक्षकांना प्रशिक्षण मिळालं आणि अडलं-नडलं तर मदतीला यंत्रणा होती. आपल्या गावच्या छापखान्याला नुसतं 'लिनक्स टाका' म्हणणं हाही एक फुकटचा सल्लाच. त्याचा प्रिंटर चालायला हवा आणि वीस वर्षांच्या कामात वापरलेले मराठी फाँट उघडायला हवेत.

फोनचा काळ तर याहून कमी. स्वस्त अँड्रॉइड फोनला सुरक्षेची अपडेट मोजकी वर्षं मिळतात, आणि आज बहुतेकांची बँक त्याच फोनमध्ये आहे. युरोपीय संघानं २० जून २०२५ पासून नियम केला की मॉडेलची विक्री थांबल्यापासून किमान पाच वर्षं अपडेट द्यावी लागतील. आपल्याकडेही फोनच्या खोक्यावर कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलशेजारी अपडेटची शेवटची तारीख छापायला लावली पाहिजे. औषधाच्या पट्टीवर असते, दुधाच्या पिशवीवर असते, तर पैसे सांभाळणाऱ्या यंत्रावर का नसावी?

'ओटीपी कुणाला सांगू नका'

आता सगळ्यांत दुखऱ्या जागेकडे येऊ. कार्डाच्या ऑनलाइन व्यवहाराला दुसरा पुरावा हवा, ही रिझर्व्ह बँकेची सक्ती ऑगस्ट २००९ पासूनची. तिचा फायदा झाला आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि भाजीवाल्यापासून मंदिरापर्यंत पैसे फोननं फिरू लागले. चोरांनी मग यंत्र फोडायचा नाद सोडून माणसाला घाबरवायचा मार्ग धरला. केवायसी संपलं, वीज तुटणार, पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुम्हाला 'डिजिटल अटक' झाली. २७ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांना 'मन की बात'मध्ये सांगावं लागलं की अशी अटक कायद्यात नाहीच.

बँकांचं उत्तर काय होतं? 'ओटीपी कुणाला सांगू नका' असा संदेश, तोही रोज. सल्ला बरोबर आहे, पण अपुरा आहे. कुरिअरवाला ओटीपी मागतो, टॅक्सीवाला मागतो, गॅसवाला मागतो, आणि त्या सगळ्यांना तो द्यायचाच असतो. बँक स्वतःच भलत्या नंबरांवरून फोन करून जन्मतारीख विचारते. खरं आणि खोटं एकाच वेशात दारात येतं आणि ओळखण्याची जबाबदारी सत्तरीच्या माणसावर पडते. अधिकृत सूचनासुद्धा एकमेकींना छेदतात. २७ मे २०२२ ला आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयानं आधारची छायाप्रत कुणालाही देऊ नका असं कळवलं आणि दोनच दिवसांत, गैरसमज नको म्हणून, ती सूचना मागे घेतली गेली. लोकांनी मग धरायचं तरी काय?

आणि मोठी चोरी होते तेव्हा ती ग्राहकाच्या फोनमधून होतेच असं नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला. एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी हल्लेखोरांनी आपली खोटी यंत्रणा उभी केली आणि २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले. शिवाय आंतरराष्ट्रीय हस्तांतरणाच्या मार्गानं जवळपास १४ कोटी रुपये हाँगकाँगला वळवले. एकूण आकडा सुमारे ९४ कोटींचा. त्यात कुणा आत्यानं ओटीपी सांगितला नव्हता.

म्हणूनच रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक प्रत्येकानं लक्षात ठेवावं असं आहे. त्यात ठरलं ते असं: चूक बँकेची असेल तर ग्राहकावर काहीही बोजा नाही, चूक दोघांचीही नसून मधल्या यंत्रणेत असेल आणि ग्राहकानं तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तरीही नाही. ग्राहकानं स्वतः माहिती दिली असली तरी कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं. आणि सगळ्यांत मोलाचं म्हणजे ग्राहक जबाबदार होता हे सिद्ध करायचं ओझं बँकेवर. शाखेत "तुम्ही नीट केलं नसेल" असं ऐकून परत फिरणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे?

चांगलं काम कसं दिसतं

या सगळ्या निराशेत मला आशा वाटते ती काही अगदी साध्या निर्णयांमुळे. पैसे मिळतील असं भासवून 'कलेक्ट' विनंती पाठवायची आणि समोरच्यानं पिन टाकला की त्याचेच पैसे काढायचे, ही यूपीआयवरची फार जुनी लबाडी. 'पैसे घेताना पिन लागत नाही' असं वर्षानुवर्षं बजावलं गेलं, तरी माणसं फसत राहिली. शेवटी यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं १ ऑक्टोबर २०२५ पासून दोन व्यक्तींमधल्या अशा विनंत्याच बंद केल्या. एका निर्णयानं ती वाट बुजली. कुणाला काही पाठ करावं लागलं नाही. रिझर्व्ह बँकेनं बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' हा राखीव पत्ता घ्यायला लावला तोही याच जातीचा निर्णय. तो पत्ता चोराला मिळू शकत नाही.

पासकी हा पासवर्डला आलेला पर्यायही याच दिशेचा. २०२२ मध्ये ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी तो एकत्र उचलून धरला. यात गुप्त किल्ली आपल्या फोनबाहेर मजकूर म्हणून कधी जातच नाही आणि खोट्या साइटवर ती चालतच नाही. लक्षात ठेवायचं काही नाही, तर फोनवर कुणाला सांगून बसायचंही काही नाही. मात्र फोन हरवला, फुटला, मुलाच्या नावावर असला तर काय, याचं सोपं उत्तर अजून सगळीकडे तयार नाही. ते मराठीत, शाखेत, माणसाकडून मिळालं तरच पासकी आत्यापर्यंत पोचेल.

या आढाव्यातून मी काढलेला निष्कर्ष एवढाच आहे: सुरक्षा शिकवून थोडी वाढते, बांधून खूप वाढते. बँकेनं, कंपनीनं, सरकारी खात्यानं नवा सल्ला छापण्याआधी स्वतःला विचारावं, की हा सल्ला द्यावाच लागणार नाही अशी व्यवस्था आपण बांधू शकतो का?

तोवर आपल्या हाती असलेलं आपण करू. पासवर्ड लांब ठेवा, प्रत्येक ठिकाणी वेगळा ठेवा, आणि त्यासाठी घरात वही लागली तर खुशाल ठेवा; परदेशातला चोर तुमच्या कपाटापर्यंत येत नाही. फोनची अपडेट रात्री होऊ द्या. फसवणूक झाली तर लाज बाळगू नका, त्याच तासाला सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदतक्रमांकावर फोन करा, बँकेला लेखी कळवा आणि पोच घ्या. आणि कुणी म्हणालं की चूक तुमचीच आहे, तर त्यांना शांतपणे सांगा, "तसं लेखी द्या." आत्यानं ते केलं. आता बँकेच्या उत्तराची ती वाट बघते आहे.